झोझेफ लुई गे-ल्युसॅक

झोझेफ लुई गे-ल्युसॅक (६ डिसेंबर १७७८ – ९ मे १८५०) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकीविज्ञ होते. तापमानानुसार वायूंचे होणारे प्रसरण आणि वायूंचा संयोग होताना त्यांच्या घनफळांत आढळणारी साधी गुणोत्तरे यांविषयीच्या नियमांमुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. व्यवहारात मात्र त्यांची सर्वाधिक वापरली गेलेली निर्मिती म्हणजे शतमान अल्कोहोलमापक. पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात शेकडा किती भाग अल्कोहोल आहे, हे द्रवात तरंगणाऱ्या एका काचेच्या नळीवरून थेट वाचता यावे, ही सोय त्यांनी १८२४ साली फ्रान्सला करून दिली. अनेक देशांत मद्याच्या तीव्रतेचे एकक दीर्घकाळ त्यांच्याच नावाने ओळखले जात असे.

बालपण आणि शिक्षण

गे-ल्युसॅक यांचा जन्म मध्य फ्रान्समधील लिमुझँ प्रांतात, सँ-लेओनार-द-नोब्ला या गावी झाला. वडील आंत्वान गे हे वकील आणि न्यायखात्यातील अधिकारी होते. गावाजवळच्या ल्युसॅक येथे कुटुंबाची मालमत्ता होती. गे आडनावाच्या इतरांपासून वेगळे ओळखले जावे म्हणून वडिलांनी ते स्थाननाम आपल्या नावाला जोडले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात त्यांना संशयितांविषयीच्या कायद्याखाली तुरुंगवास घडला आणि रोब्सपिएरच्या पतनानंतर त्यांची सुटका झाली. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण एका धर्मगुरूकडे झाले. पुढे त्याला पॅरिसला पाठविण्यात आले आणि १७९७ च्या अखेरीस त्याने नव्यानेच स्थापन झालेल्या एकोल पोलितेक्निक या संस्थेत प्रवेश मिळविला. क्रांतीने जुनी विद्यापीठे बंद केली होती आणि गुणवत्तेवर प्रवेश देणारी ही संस्था उभारली होती. प्रांतातून आलेल्या मध्यमवर्गीय मुलाला विज्ञानाचा मार्ग मोकळा झाला, तो या बदलामुळे.

१८०० साली तेथील शिक्षण संपवून ते रस्ते आणि पूल यांच्या अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले. पण क्लोद लुई बर्थोले या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना साहाय्यक म्हणून आपल्याकडे घेतले. पॅरिसजवळील आर्क्येय येथे बर्थोले यांचे घर आणि प्रयोगशाळा होती. बर्थोले यांनी दिलेल्या एका प्रश्नाचे उत्तर या तरुणाने त्यांच्या अपेक्षेच्या नेमके उलट काढले. आपले मत खोटे ठरविणारा साहाय्यक मिळाल्याचा बर्थोले यांना आनंद झाला, असे गे-ल्युसॅक यांचे मित्र आणि चरित्रकार फ्रांस्वा आरागो यांनी नोंदविले आहे.

वायूंचा अभ्यास

१८०२ साली गे-ल्युसॅक यांनी दाखवून दिले की, दाब कायम असताना सर्व वायू समान तापमानवाढीत समान प्रमाणात प्रसरण पावतात. ० ते १०० अंश सेल्सिअस या टप्प्यात घनफळ ३७.५ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. आजचा आकडा सुमारे ३६.६ टक्के आहे. वायू कोरडे करून वापरण्याची दक्षता त्यांनी घेतली होती, आणि त्यांच्या आधीच्या अनेकांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले ते मुख्यतः ओलाव्यामुळे. झाक शार्ल यांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी असेच निरीक्षण केले होते, पण ते प्रसिद्ध केले नव्हते. त्याचा उल्लेख गे-ल्युसॅक यांनी आपल्या निबंधात आवर्जून केला. हा नियम आज शार्लचा नियम म्हणून शिकविला जातो, तो या प्रामाणिकपणामुळेच.

१८०४ च्या ऑगस्टमध्ये झां-बातिस्त बियो यांच्यासह आणि १६ सप्टेंबर रोजी एकट्याने त्यांनी फुग्यातून आकाशात झेप घेतली. दुसऱ्या उड्डाणात ते ७,०१६ मीटर उंचीवर पोहोचले. तेथे तापमान शून्याखाली ९.५ अंश होते. हा विक्रम जवळजवळ अर्धे शतक टिकला. उंचावरून आणलेल्या हवेचे पृथक्करण केल्यावर तिच्यातील ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरच्या हवेइतकेच निघाले. भार हलका करण्यासाठी त्यांनी खाली फेकलेली एक साधी लाकडी खुर्ची मेंढ्या राखणाऱ्या मुलीजवळच्या झुडपात पडली आणि स्वर्गातून आलेली खुर्ची इतकी ओबडधोबड कशी, असा पेच गावकऱ्यांना पडला, अशी कथा सांगितली जाते.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्यासमवेत १८०५ साली केलेल्या प्रयोगांत एक घनफळ ऑक्सिजनला दोन घनफळे हायड्रोजन लागतो, हे निश्चित झाले. हाच धागा पुढे नेऊन ३१ डिसेंबर १८०८ रोजी गे-ल्युसॅक यांनी वायूंच्या संयोगी घनफळांचा नियम मांडला. वायू परस्परांशी साध्या पूर्णांकी गुणोत्तरांत संयोग पावतात आणि तयार होणारा पदार्थ वायुरूप असल्यास त्याचे घनफळही त्याच साध्या गुणोत्तरात असते, असा हा नियम आहे. जॉन डाल्टन यांनी तो मान्य केला नाही. १८११ साली आमेदेओ अव्होगाद्रो यांनी अणू आणि रेणू यांत भेद करून त्याचा अर्थ उलगडला. या नियमात लक्षणीय गोष्ट अशी की, दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून तीन नव्हे, तर दोनच घनफळे वाफ मिळते. मिसळलेल्या पदार्थांची घनफळे सरळ बेरजेने येत नाहीत, ही जाणीव त्यांना अल्कोहोलच्या प्रश्नाकडे वळण्याच्या कितीतरी आधीच झाली होती.

अध्यापन, विवाह आणि इतर शोध

१८०९ साली ते सॉर्बोन येथे भौतिकीचे प्राध्यापक झाले. एकोल पोलितेक्निकमध्ये ते रसायनशास्त्र शिकवीत. त्याच वर्षी त्यांचा जन्व्हिएव्ह रोजो यांच्याशी विवाह झाला. त्या कापडाच्या दुकानात काम करीत असताना गल्ल्याखाली रसायनशास्त्राचे पुस्तक ठेवून वाचत होत्या आणि तेच परिचयाचे निमित्त ठरले, असे सांगतात.

लुई-झाक थेनार यांच्या सहकार्याने त्यांनी १८०८ साली बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे केले. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही जवळजवळ त्याच वेळी त्याच शोधापाशी पोहोचले होते. पोटॅशियमवरील प्रयोगात झालेल्या स्फोटाने गे-ल्युसॅक यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी पूर्ववत झाली नाही. १८१३ च्या अखेरीस डेव्ही पॅरिसला आले असता कुर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेत सापडलेल्या नव्या पदार्थावरून दोघांत चढाओढ झाली. हा पदार्थ म्हणजे आयोडीन. १८१५ साली गे-ल्युसॅक यांनी सायनोजेन वायू तयार केला आणि प्रुसिक अम्लात ऑक्सिजन नसतो हे दाखविले. सर्व अम्लांत ऑक्सिजन असतोच, हे लाव्हाझिए यांचे मत त्यामुळे ढासळले. १८१६ पासून आरागो यांच्यासह ते रसायनशास्त्र आणि भौतिकी यांना वाहिलेल्या एका प्रमुख फ्रेंच नियतकालिकाचे संपादक होते.

किण्वनाविषयीचे कार्य

हवाबंद डब्यांत अन्न टिकविण्याची निकोला अपेर यांची पद्धत गे-ल्युसॅक यांनी १८१० साली तपासली. डब्यात ऑक्सिजन उरत नाही म्हणून पदार्थ नासत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूक्ष्मजीवांची भूमिका तेव्हा अज्ञात होती. त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे होते, तरी ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

द्राक्षरसातील साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत होते, हे लाव्हाझिए यांनी दाखविले होते. परंतु त्यांचे आकडे सदोष होते. गे-ल्युसॅक यांनी ते दुरुस्त करून साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग अल्कोहोल आणि निम्मा भाग वायू होतो, असा ताळेबंद मांडला. एका ग्लुकोज रेणूपासून दोन अल्कोहोलचे आणि दोन कार्बन डायऑक्साइडचे रेणू मिळतात, हे आजचे समीकरण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. किण्वनात थोडे ग्लिसरीन आणि सक्सिनिक अम्लही तयार होते, हे पुढे लुई पाश्चर यांनी दाखविले.

शतमान अल्कोहोलमापक

पूर्वीची परिस्थिती

मद्यावरील कर हे युरोपातील सरकारांचे मोठे उत्पन्न होते. पॅरिससारख्या शहरांच्या वेशीवर येणाऱ्या प्रत्येक पिंपावर जकात बसे. कर न्याय्य असावयाचा तर पिंपात किती द्रव आहे एवढे पुरेसे नव्हते. त्यात अल्कोहोल किती, हे कळणे आवश्यक होते. जुन्या परीक्षा कसबावर अवलंबून होत्या. मद्य हलवून त्यावर येणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहत, किंवा बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून पेटवीत. दारूने पेट घेतला तर मद्य कसोटीला उतरले. ब्रिटिश मद्यव्यवहारातील प्रूफ हा शब्द या जुन्या कसोटीशी जोडला जातो.

द्रवाची घनता मोजणारी तरंगती उपकरणे अठराव्या शतकात प्रचारात आली होती. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने तीव्र मद्यात असे उपकरण अधिक खोल बुडते. फ्रान्समध्ये कार्तिए यांचे उपकरण सरकारी व्यवहारात होते. पण त्याचे अंश मनमानी होते. शुद्ध पाण्यात ते शून्य नव्हे, तर १० अंश दाखवी. त्यावरील २० अंश म्हणजे १० अंशांच्या दुप्पट अल्कोहोल, असा अर्थ मुळीच निघत नसे. व्यापाऱ्यांची स्वतंत्र परिभाषा होती. तीन-सहा या नावाचे मद्यार्क म्हणजे ज्याच्या तीन मापांत तीन मापे पाणी घातल्यास सहा मापे नेहमीच्या तीव्रतेची ब्रँडी मिळते, असे समजले जाई. प्रत्यक्षात सहा मापे कधीच भरत नसत.

आकुंचनाचा प्रश्न

न भरण्याचे कारण लबाडी नव्हते. पाणी आणि अल्कोहोल मिसळले असता मिश्रण आकसते. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केल्यास १०० नव्हे, तर सुमारे ९६ मिलिलिटर द्रव मिळतो आणि मिसळताना तो थोडा गरमही होतो. हे आकुंचन सर्व प्रमाणांत सारखे नसते. म्हणून पाण्याची आणि अल्कोहोलची घनता ठाऊक असली, तरी मधल्या मिश्रणांची घनता त्रैराशिकाने काढता येत नाही. एकेक मिश्रण तयार करून मोजावे लागते. इंग्लंडमध्ये ब्लॅग्डन आणि गिल्पिन यांनी १७९० च्या दशकात असे परिश्रमपूर्वक कोष्टक केले होते. प्रशियासाठी ट्रालेस यांनी त्याचा आधार घेतला होता. ब्रिटनने १८१६ च्या सुमारास साइक्स यांचे उपकरण स्वीकारले, पण प्रूफची जुनी भाषा कायम ठेवली.

उपकरणाची रचना

फ्रेंच सरकारच्या विनंतीवरून गे-ल्युसॅक यांनी हे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी आरंभ केला तो अंशाच्या अर्थापासून. मद्य मापाने विकले जाते आणि करही मापावर बसतो. म्हणून प्रमाण वजनाचे नव्हे, घनफळाचे असावे, असे त्यांनी ठरविले. १५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्यात उपकरण जेथवर बुडते तेथे ०, निर्जल अल्कोहोलमध्ये बुडते तेथे १००. मधला प्रत्येक अंश म्हणजे १०० घनफळ मिश्रणात तितकी घनफळे निर्जल अल्कोहोल. हे मधले अंश समान अंतरावर नसतात, कारण ते प्रत्यक्ष मिश्रणांवरून ठरविलेले आहेत. आजच्या आकड्यांनुसार २० अंश तापमानाला ४० टक्के मिश्रणाची घनता प्रति मिलिलिटर ०.९४८ ग्रॅम, ५० टक्क्यांची ०.९३०, ८० टक्क्यांची ०.८५९ आणि ९० टक्क्यांची ०.८२९ असते. म्हणजे ४० ते ५० या टप्प्यात घनता ०.०१८ ने उतरते, तर ८० ते ९० या टप्प्यात ०.०३० ने. त्यामुळे दांडीवर वरच्या तीव्रतेच्या खुणा विरळ आणि खालच्या दाट असतात.

उपकरण साधे होते. खाली वजन भरलेला काचेचा फुगा, वर बारीक दांडी आणि दांडीत कागदी पट्टी. खरे श्रम सोबतच्या पुस्तिकेत होते. अल्कोहोल उष्णतेने पाण्यापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते. उन्हात ठेवलेले मद्य पातळ होते, उपकरण अधिक खोल जाते आणि मद्य आहे त्याहून तीव्र भासते. मध्यम तीव्रतेच्या मिश्रणात हा फरक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के पडतो. म्हणजे ३० अंश तापमानाला ५६ वाचले, तर खरी तीव्रता ५० च्या आसपास असते. गे-ल्युसॅक यांनी आभासी आणि खरी तीव्रता असा भेद केला आणि निरनिराळ्या तापमानांसाठी दुरुस्तीची कोष्टके छापली. शिवाय ३० अंशांना मोजलेले १०० लिटर मद्य १५ अंशांना सुमारे सव्वा लिटरने कमी भरते. हा फरकही कोष्टकांत धरला होता. पिंपातील लिटर आणि खरी तीव्रता यांचा गुणाकार केला की शुद्ध अल्कोहोल किती लिटर ते मिळे, आणि कर त्यावर बसे.

१८२४ साली कायद्याने या उपकरणाला अधिकृत स्थान मिळाले. त्याच वर्षी पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याचा सर्वांत मोठा लाभ लहान उत्पादकाला झाला असे म्हणता येईल. जकात नाक्यावरचा अधिकारी आणि गाडीवान दोघेही एकच दांडी आणि एकच कोष्टक वापरू शकत होते. तपासनिसाच्या जिभेशी वाद घालावा लागत नव्हता.

निर्जल अल्कोहोल तयार करणे तेव्हा अवघड होते आणि त्याची घनता ठरविताना राहिलेली अल्पशी चूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने दुरुस्त केली. दरम्यान दिमित्री मेंदेलेयेव्ह यांनी १८६५ च्या आपल्या प्रबंधात अल्कोहोल-पाणी मिश्रणांचा पुन्हा अभ्यास केला. आज आंतरराष्ट्रीय कोष्टके २० अंश तापमानावर आधारलेली आहेत, पण घनफळाच्या शेकडेवारीची कल्पना गे-ल्युसॅक यांची आहे. बाटलीवरील लेबलावर जो टक्का छापलेला असतो, तो हाच. भारतात ब्रिटिश परंपरेमुळे उत्पादन शुल्काच्या व्यवहारात प्रूफ लिटरची भाषाही टिकून आहे. त्या मोजणीत प्रूफ म्हणजे घनफळाने सुमारे ५७.१ टक्के.

मर्यादा

अल्कोहोलमापक अल्कोहोल ओळखत नाही. तो फक्त घनता जाणतो. पाणी आणि अल्कोहोल यांखेरीज तिसरे काही द्रवात विरघळलेले असेल, तर त्याचे वाचन चुकते. वाइनमध्ये साखर, अम्ले, क्षार असतात. त्यामुळे वाइनमध्ये उपकरण थेट बुडवून उपयोग नाही. नमुन्याचे ऊर्ध्वपातन करावे, मिळालेल्या द्रवात पाणी घालून त्याचे घनफळ मूळ नमुन्याइतके करावे आणि मग मोजावे, ही पद्धत यासाठी रूढ झाली.

मद्याबाहेरील उपयोग

अल्कोहोल पाणी शोषून घेते, या गुणामुळे ते अनेक व्यवसायांत वाळविण्याचे साधन म्हणून वापरले जाते. जीवशास्त्रात सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या ऊती चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन निर्जल करतात. याच तत्त्वाचा एक अलीकडचा वापर लाकूड कातणाऱ्या कारागिरांत आढळतो. ताज्या तोडलेल्या, ओल्या लाकडाचा वाडगा लेथवर कातून तसाच ठेवला, तर बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकडाला तडे जातात. म्हणून वाडगा प्रथम जाड कातून, व्यासाच्या सुमारे दशांश इतकी भिंत ठेवून, विकृतीकृत अल्कोहोलमध्ये एखादा दिवस बुडवितात. लाकडातील पाणी काही अंशी अल्कोहोलमध्ये येते आणि त्याची जागा अल्कोहोल घेते. बाहेर काढल्यावर अल्कोहोल लवकर उडून जाते. बाहेरील पृष्ठभाग कागदात गुंडाळून वाडगा सुकवितात आणि मग अंतिम आकार देतात. या पद्धतीने वेळ किती वाचतो, याविषयी कारागिरांत एकमत नाही.

येथे मोजणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तोच द्रव पुन्हा पुन्हा वापरला, तर प्रत्येक वाडग्यागणिक तो पातळ होत जातो. ९५ टक्के तीव्रतेच्या १० लिटर द्रवात लाकडांतून १ लिटर पाणी आले, तर तीव्रता सुमारे ८७ टक्क्यांवर येते. रंग किंवा वास यांवरून हे कळत नाही. अल्कोहोलमापक ते सांगतो, पण त्याच्या सर्व मर्यादांसह. १५ अंशांसाठी अंशन केलेले उपकरण ३५ अंशांच्या उन्हाळ्यात वापरले, तर ८६ चे वाचन ९१ च्या आसपास दिसते आणि पातळ झालेला द्रव ताजा वाटतो. उलट लाकडातून उतरलेले टॅनिन आणि शर्करा द्रवाची घनता वाढवितात, त्यामुळे तीव्रता आहे त्याहून कमी दिसते. विकृतीकरणासाठी मिसळलेल्या मेथॅनॉलची घनता एथिल अल्कोहोलच्या अगदी जवळ असल्याने त्याने मोठा फरक पडत नाही. पण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले असेल, तर त्याचे कोष्टक वेगळे लागते. तपकिरी झालेल्या द्रवाची अचूक तीव्रता हवी असेल, तर वाइनप्रमाणेच ऊर्ध्वपातन करून मोजणे हाच मार्ग उरतो. मात्र ही वाफ ज्वालाग्राही असते आणि मेथॅनॉलची वाफ विषारी. हे काम प्रयोगशाळेचे आहे, कार्यशाळेचे नव्हे. सामान्यतः कारागीर ताज्या द्रवाचे वाचन लिहून ठेवतात आणि त्याच तापमानाला घेतलेली पुढची वाचने त्याच्याशी ताडून पाहतात. घट किती झाली हे कळणे त्यांच्या कामापुरते पुरेसे असते.

गे-ल्युसॅक यांचा लाकडाशी रसायनशास्त्रीय संबंधही आला होता. लाकडाचा भुसा दाहक पोटॅशबरोबर तापविल्यास ऑक्झॅलिक अम्ल मिळते, हे त्यांनी १८२९ साली दाखविले. पुढे या अम्लाचे औद्योगिक उत्पादन याच पद्धतीने होऊ लागले.

अनुमापन आणि टाकसाळ

मोजणीचे काम त्यांनी अल्कोहोलपुरते ठेवले नाही. विरंजक चुन्यातील क्लोरीन आणि व्यापारी पोटॅशमधील अल्कली किती, हे ठरविण्याच्या पद्धती त्यांनी १८२० च्या दशकात बसविल्या. ठाऊक तीव्रतेचा विद्राव थेंबाथेंबाने घालून अंत्यबिंदू पाहणे, हे अनुमापनाचे तंत्र त्यांच्यामुळे स्थिरावले. ब्युरेट आणि पिपेट ही नावे त्यांच्याच लिखाणातून रूढ झाली.

१८२९ साली ते पॅरिसच्या टाकसाळीत मुख्य धातुपरीक्षक झाले. चांदीचा कस तोपर्यंत मुशीत शिशाबरोबर वितळवून पाहत. या पद्धतीत चांदीचा थोडा अंश वाया जाई आणि कस खऱ्यापेक्षा कमी निघे. गे-ल्युसॅक यांनी चांदी नायट्रिक अम्लात विरघळवून मिठाच्या विद्रावाने तिचा पांढरा साका पाडण्याची पद्धत सुचविली. साका पडणे थांबले की मोजणी संपली. तिची अचूकता हजारात अर्ध्या भागापर्यंत जात असे. शतकानुशतके चालत आलेली मुशीची रीत या एका सुधारणेने मागे पडली, आणि मान्यताप्राप्त कस चुकीचे होते हे सरकारला स्वीकारावे लागले.

शिष्यांमध्ये युस्टुस फॉन लीबिग सर्वांत प्रसिद्ध झाले. तरुणपणी ते पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्या खाजगी प्रयोगशाळेत फल्मिनेटांवर काम करीत. एखादे पृथक्करण यशस्वी झाले की गुरू शिष्याला हाती धरून टेबलाभोवती नाचत असे, ही आठवण लीबिग यांनी सांगितली आहे. पुढे गे-ल्युसॅक यांचे पुत्र झ्यूल हे लीबिग यांच्याकडे गीसन येथे शिकले.

उत्तरायुष्य

गंधकाम्लाच्या कारखान्यात वाया जाणारी नायट्रोजनची ऑक्साइडे पुन्हा शोषून घेणारा मनोरा त्यांनी सुचविला. पहिला मनोरा १८४२ साली शॉनी येथे उभा राहिला. तो चालविणाऱ्या सँ-गोबँ या काच आणि रसायन कंपनीचे ते सल्लागार आणि पुढे संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. १८३१ साली ते ओत-व्हिएन विभागातून लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि १८३९ साली वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. कारखान्यांतील बालमजुरीवर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाला त्यांनी तेथे विरोध केला. कारखानदाराच्या आवारात शासनाने शिरू नये, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक १८४१ साली संमत झाले.

त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध टीकेचा विषय झाला आहे. छत्तिशीपर्यंत मूलभूत नियम आणि मूलद्रव्ये शोधणारा वैज्ञानिक पुढे जकात, टाकसाळ आणि कारखाने यांच्या मानधनाच्या कामात गुंतला, असा आक्षेप घेतला जातो. एकाच वेळी अनेक पदे सांभाळण्याची तत्कालीन फ्रेंच प्रथा त्यांनीही पाळली आणि त्यातून त्यांना चांगले उत्पन्न होते, हे खरे आहे. तथापि अल्कोहोलमापक आणि चांदीची परीक्षा ही दोन्ही कामे बाजारू म्हणून बाजूला सारता येत नाहीत. १८०८ च्या नियमामागे असलेलीच शिस्त त्यांत आहे. ओलावा, तापमान, आकुंचन यांतील एकही दुरुस्ती न वगळता मोजणे, ही ती शिस्त. बालमजुरीच्या प्रश्नावर कारखानदारांची बाजू घेणाऱ्या सभासदाविषयी असा बचाव करणे अधिक कठीण आहे.

मृत्यू आणि स्मृती

९ मे १८५० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पेर लाशेझ या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे, पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि जन्मगावी संग्रहालय आहे.

१८२६ साली व्हेनेझुएलातील लागुनियास येथे सापडलेल्या एका खनिजाला बुसँगो यांनी गेल्युसाइट हे नाव दिले. सोडियम आणि कॅल्शियम यांचे हे जलयुक्त कार्बोनेट अल्कधर्मी सरोवरांच्या गाळात बाष्पीभवनामुळे तयार होते. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात त्याचे स्फटिक आढळतात आणि पूर्वीच्या अवर्षणकाळांचा माग काढण्यासाठी त्यांचा अभ्यास केला जातो.